नाकातील ‘बुरशी’, जी बुरशी नाही

नाकात वाढणाऱ्या, लालसर, पांढुरक्या ठिपक्यांच्या आणि जरा धक्का लागताच रक्त येणाऱ्या गाठीला, म्हणजे ऱ्हायनोस्पोरिडिओसिसला, बुरशीचा रोग मानण्याची सवय जुनी आहे. गिलेर्मो सीबर यांनी 1900 मध्ये ब्युनोस आयर्स येथे या रोगाचे वर्णन केले. पुढे 1923 मध्ये ॲशवर्थ यांनी त्याच्या जंतूला बुरशींत बसवले आणि तीच समजूत पाठ्यपुस्तकांतून रुजली. मात्र 1990च्या दशकाअखेरीस झालेल्या जनुकीय तपासणीत हा जंतू बुरशी नसून माशांच्या काही परजीवींचा जवळचा नातलग असलेला एकपेशीय जीव ठरला.

हा केवळ नावाचा वाद नाही. बुरशीनाशक औषधांचा येथे फारसा उपयोग होत नाही. गाठ शस्त्रक्रियेने मुळासकट काढून तिचा तळ विद्युतदहनाने जाळावा लागतो, आणि तरीही ती पुन्हा उद्भवू शकते, म्हणून काही वेळा डॅप्सोन हे औषध दिले जाते. ही गाठ कर्करोगाची नसते, तरी निदान मात्र ऊतक तपासूनच पक्के करावे लागते. भारत आणि श्रीलंकेत हा रोग विशेष आढळतो, आणि त्याचा संबंध साचलेल्या पाण्यात, तळ्यांत अंघोळ करण्याशी जोडला जातो. रुग्णाच्या शेजारी बसल्याने तो होत नाही.