फॉल्टी टॉवर्सचं ‘खरं’ हॉटेल नक्की कुठलं? टॉर्कीचं की बकिंगहॅमशायरचं?

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर मागे एक फोटो पडला, पांढरी इमारत, पुढ्यात तो अक्षरं लोंबकळणारा बोर्ड, आणि खाली लिहिलेलं ‘हेच ते खरं फॉल्टी टॉवर्स, टॉर्की’, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेतलं हॉटेल. झालं, तिकडे लंडनजवळ स्लावला राहणारा भाऊ पेटलाच, म्हणे टॉर्की कुठलं, हे आमच्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर होतं. त्यावर बहीण म्हणे मी स्वतः वाचलंय टॉर्कीचंच आहे म्हणून. रात्री साडेबारापर्यंत हेच चालू, शेवटी आईने सगळ्यांना झोपा म्हणून मेसेज टाकला.

गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते, कारण हॉटेलं दोन आहेत. एकावरून मालिका सुचली आणि दुसरं मालिकेत दिसतं, आणि या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी पटकन, बीबीसी टू वर १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे एकूण फक्त बारा भाग. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या जोडप्याने लिहिलेली (दुसरे सहा भाग येईपर्यंत त्यांचा घटस्फोट झाला होता). बेसिल फॉल्टी नावाचा हॉटेलमालक, त्याला पाहुणा म्हणजे कटकट वाटते, बायको सिबिल त्याला दमात घेते, तो मग बार्सिलोनाहून आलेल्या मॅन्युएल वेटरच्या टाळक्यात मारतो. वेट्रेस पॉली तेवढी एक शहाणी, ती आवरत बसते. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली त्यात ही पहिली होती. गोष्ट घडते डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्राकाठच्या गावात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आता टॉर्कीचं हॉटेल. त्याचं नाव होतं ग्लेनईगल्स. मे १९७० मध्ये माँटी पायथन ही विनोदी कलाकारांची टोळी, क्लीझ तिच्यातलाच, शूटिंगसाठी तिथे उतरली. मालक डोनाल्ड सिंक्लेअर, नेव्हीतून आलेला माणूस, आणि पाहुणे आले की याच्या कपाळाला आठी. जेवताना टेरी गिलियम, जो मूळचा अमेरिकन, त्याने आधी मांस सुरीने कापून घेतलं, मग सुरी खाली ठेवली, काटा उजव्या हातात घेतला आणि खायला लागला, अमेरिकेत बरेच जण तसंच खातात, तर सिंक्लेअर जाता जाता त्याला सुनावून गेला की आमच्या देशात असं खात नाहीत. एरिक आयडलची बॅग याने उचलून लांब भिंतीपाशी नेऊन ठेवली, का, तर आतून टिकटिक ऐकू येत होती आणि याला वाटलं बॉम्ब आहे. आत होतं गजराचं घड्याळ! गावात जायला पुढची बस कधी असं एका पाहुण्याने विचारलं तर उत्तराऐवजी टाइमटेबल त्याच्या अंगावर भिरकावलं म्हणे.

टोळीतल्याच मायकेल पेलिनच्या छापलेल्या डायऱ्यांमध्ये हा मुक्काम आहे. तो आणि आणखी काही जण वैतागून गावातल्याच इम्पीरियल हॉटेलात निघून गेले. क्लीझ मात्र तिथेच राहिला, आणि नंतर कॉनी बूथही येऊन राहिली. बाकीच्यांना जो मनस्ताप वाटला तो याला खजिना वाटला, असा हा माणूस. १९७१ मध्ये ‘डॉक्टर ॲट लार्ज’ मालिकेच्या एका भागात त्याने असा तुसडा हॉटेलवाला आधी वापरूनही बघितला, आणि तिथला प्रोड्यूसर हम्फ्री बार्कली त्याला तेव्हाच म्हणाला होता की यात अख्खी मालिका आहे.

एक सांगायला हवं, सिंक्लेअरच्या बायकोला हे चित्र अजिबात मान्य नव्हतं. नवरा १९८१ मध्ये गेला, पण पुढे कित्येक वर्षांनी तिने जाहीरपणे सांगितलं की तो असा वेडा नव्हता, त्याची उगाच थट्टा केली गेली. मला तिचं म्हणणं थोडं पटतं. किस्से सांगणारे सगळेच्या सगळे विनोदी लेखक, मग मीठमसाला किती पडला असेल ते आपणच समजायचं.

आता दुसरं. फोटोत दिसतं ते, मालिकेच्या सुरुवातीला दिसतं ते, ज्याच्या पुढे बोर्डवरची अक्षरं घसरलेली आणि नंतर नंतर कुणीतरी उलटसुलट करून चावट शब्द बनवलेले असतात, ते वूबर्न ग्रेंज कंट्री क्लब. बकिंगहॅमशायरमध्ये, बोर्न एंड गावाजवळ. म्हणजे माझा भाऊ म्हणत होता तेच. तिथून टॉर्की चांगलं अडीचशे-तीनशे किलोमीटर. लंडनपासून जवळ असलेली एक बरी दिसणारी इमारत, एवढंच तिचं कर्तृत्व. कुणी तुसडा मालक नाही, कुणाची बॅग भिंतीपाशी नाही.

यामुळे एक सीन मला आता वेगळाच दिसतो. ऐकायला कमी येणाऱ्या मिसेस रिचर्ड्स खोलीतून समुद्र दिसत नाही म्हणून तक्रार करतात आणि बेसिल खवळतो, की टॉर्कीच्या हॉटेलच्या खिडकीतून तुम्हाला अजून काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाउस? बाईंची नजर बरोबर होती, कारण बाहेरून दाखवतात त्या इमारतीच्या आसपास समुद्रच नाही, थेम्स नदी आहे फार तर.

आणि आतलं? तो रिसेप्शनचा काउंटर, तो जिना, ते डायनिंग, स्वयंपाकघराचं ढकलदार? ते या दोन्ही हॉटेलांत नव्हतं. तो सेट, बीबीसीच्या लंडनमधल्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये, समोर प्रेक्षक बसवून केलेला. हे ओळखायला एक सोपी खूण आहे. त्या काळात बीबीसी स्टुडिओतलं व्हिडिओ टेपवर घ्यायची आणि बाहेरचं फिल्मवर. त्यामुळे बेसिल दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलतो, आत गुळगुळीत आणि लख्ख, बाहेर जरा दाणेदार, मळकट. एकदा लक्षात आलं की मग दर वेळी दिसतं, माझा तर आता चाळाच झालाय. ‘गूर्मे नाइट’ भागात गाडी बंद पडते म्हणून तो झाडाची फांदी आणून गाडीलाच बडवतो ना, ते बघा, अख्खं फिल्मवर आहे.

मग ‘खरं’ कुणाला म्हणायचं? माझं मत टॉर्कीला. बेसिल नसेल तर त्या पांढऱ्या इमारतीत बघण्यासारखं काय आहे, कुठलाही कंट्री क्लब चालला असता. टॉर्की हे मालिकेचं आजोळ म्हणा, वूबर्न ग्रेंज म्हणजे नुसता पासपोर्टचा फोटो. बहिणीने हे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलं तरी चालेल, पण फोटोखाली टॉर्की लिहिणारा चुकलाच.

बघायला जायचा विचार असेल तर सोडा. वूबर्न ग्रेंजमध्ये पुढे काही काळ चक्क ‘बेसिल्स’ नावाचा नाइटक्लब होता, १९९१ मध्ये तिथे आग लागली, मग इमारत पाडली, आता घरं आहेत. टॉर्कीचं ग्लेनईगल्सही पाडलं, त्या जागी म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट बांधलेत आणि त्याला नाव दिलंय सॅक्स लॉज, मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्सचं. मालकाचं नाही, वेटरचं. आयुष्यभर टाळक्यात खाल्लेल्या मॅन्युएलला शेवटी जागा मिळाली म्हणायची.

आणि हो, नुसतं ग्लेनईगल्स सर्च करू नका. स्कॉटलंडमधलं १९२४ चं ते आलिशान गोल्फवालं हॉटेल समोर येतं, जिथे २००५ मध्ये जी-एट परिषद झाली ते. त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही, भाऊ तिथलं एका रात्रीचं भाडं बघून अजून गप्प आहे.