ओव्हरस्पीडचा कोड: इंजिन खरंच पळालं, की मोजणारा चुकला?

जुनं पोकलेन विकत घेताना लोक मीटरचे तास बघतात, चेन आणि बकेटची झीज बघतात, बूमच्या पिनांमधली ढिलाई हलवून बघतात. मॉनिटरच्या मेमरीत 'इंजिन ओव्हरस्पीड', म्हणजे इंजिन ठरल्या मर्यादेपेक्षा जोरात फिरल्याचा बिघाड-कोड, अशी नोंद निघाली की विकणारा म्हणतो, "सेन्सरचा असतो तो, पुसून देतो." आणि घेणारा मान डोलावतो. हा समज महागात पडतो. तोच कोड कधी घासलेल्या वायरमुळे उमटतो, तर कधी आतून खिळखिळ्या झालेल्या इंजिनाची ती एकमेव बाहेर दिसणारी खूण असते. दोन्हींतला फरक ओळखता येतो आणि त्यासाठी शाळेतलं भौतिकशास्त्र बऱ्यापैकी पुरतं.

आधी इंजिन पळतं कसं ते पाहू. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवून वेग आवरतात. डिझेल इंजिनात हवा जवळपास मोकळी आत जाते. वेग ठरतो तो किती डिझेल फवारलं जातं यावर. ते मोजूनमापून देण्याचं काम गव्हर्नरचं. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, आज तेच काम कंट्रोलर, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करतो. पण इंधन दुसऱ्याच वाटेने आत आलं तर गव्हर्नर काय करणार? टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील गेलं की इंजिन ऑइल थेट हवेच्या पाइपात जातं आणि इंजिन आपलंच ऑइल जाळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला टाकीतल्या डिझेलची गरजच उरलेली नसते. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोकार्बनची वाफ बाहेर पसरली. जवळ चालू ठेवलेल्या डिझेल पिकअपने ती ओढून घेतली, इंजिन भरमसाट रेस झालं आणि स्फोटाची ठिणगी बहुधा त्यातूनच पडली. 15 माणसं गेली.

असं चावी काढल्यावरही किंचाळणारं इंजिन पाहिलं की मशीनला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली जाते. त्याऐवजी ऑइलची स्टिक काढून बघावी. ऑइल वरच्या रेषेच्याही वर गेलेलं, बोटावर पाण्यासारखं ओघळणारं आणि डिझेलचा वास मारणारं असेल, तर नोझल किंवा फ्युएल पंपातून डिझेल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय आणि ते मिश्रण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पुन्हा इंजिनात ओढलं जाण्याचा धोका आहे. बाधा म्हणतात ती इतकीच. तिच्याकडे काणाडोळा केला, तर कधीतरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव जातो. इंजिन सुटलंच, तर हवेची वाट जाड फळीने किंवा पत्र्याने बंद करतात. हात किंवा फडकं कधीही लावू नये.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग: कंट्रोलरला वेग कळतो कसा? त्याला वेग दिसत नाही. तो फक्त दात मोजतो. सायकलच्या स्पोकमध्ये पुठ्ठा अडकवला की चाक जितकं जोरात, तितका टर्रर्र आवाज वरच्या पट्टीत जातो, तसंच हे. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) किंवा क्रँकवरच्या (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) दातेरी चाकासमोर सेन्सर असतो. प्रत्येक दात समोरून गेला की विजेचा एक ठोका. 120 दात आणि 2,000 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) असेल तर सेकंदाला 4,000 ठोके. कंट्रोलर उलटा भागाकार करतो आणि आरपीएम दाखवतो.

म्हणजे चूक दोन प्रकारे होऊ शकते. एक, दातांचा हिशेबच चुकीचा. जुन्या मशीनमध्ये दुसऱ्या मॉडेलचं फ्लायव्हील किंवा कंट्रोलर बसवलेला असतो. खरे दात 132 आणि कंट्रोलर 120 धरून चालला, तर 2,000 चे 2,200 दिसतात. ही चूक स्लोवरही 10 टक्के, रेसवरही 10 टक्केच. दोन, फालतू ठोके. वायरचं आवरण उंदराने कुरतडलं, शील्ड (बाहेरची खरखर अडवणारी जाळी) तुटली, अल्टरनेटरची खरखर त्यात मिसळली की मधूनच आकडा उडी मारतो. ही उडी ओळखायची ती जडत्वावरून. समजा इंजिन, फ्लायव्हील आणि पंप मिळून जडत्वाघूर्ण (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) 2 किलोग्रॅम-चौरस मीटर आणि टॉर्क (फिरवणारा जोर) 500 न्यूटन-मीटर. मग वेग सेकंदाला साधारण 2,400 आरपीएमने वाढेल, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात फक्त 24 ने. कंट्रोलरला जोडलेल्या लॅपटॉपवरच्या आलेखात आकडा एका क्षणात 1,000 वरून 3,500 वर जाऊन लगेच खाली आलेला दिसला, तर तो वायरचा प्रताप. एवढं वजन इतक्या झटपट वेग घेऊच शकत नाही.

जे1939 या, अवजड वाहनांचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या, प्रमाण पद्धतीत इंजिन वेगाचा क्रमांक 190. त्यापुढे 0 आला तर 'मापन ठीक, वेग फार जास्त'. 2 आला तर 'मापनच बेभरवशाचं'. कोमात्सू या कंपनीच्या मशीनच्या मॉनिटरवर हाच ओव्हरस्पीड सीए234 म्हणून दिसतो. पण 'मापन ठीक' हे मत त्याच कंट्रोलरचं, ज्याच्यावर आपल्याला शंका आहे. म्हणून दुसरा साक्षीदार हवा. क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने बघणं सगळ्यात सरळ. तो नसेल तर मोबाइलवरचं आवाजाचा वर्णपट दाखवणारं ॲप चालतं. चार स्ट्रोक, सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. 2,000 आरपीएमला सेकंदाला 33.3 फेऱ्या, म्हणजे 100 हर्ट्झवर ठळक शिखर दिसायला हवं; चार सिलिंडरला 66.7 वर. सहा सिलिंडरमध्ये 1 हर्ट्झ म्हणजे 20 आरपीएम, इतकी बारीक मोजणी फुकटात! एक सावधानता: नऊ पिस्टनचा हायड्रॉलिक पंप त्याच वेगाला 300 हर्ट्झवर वाजतो आणि स्फोटांच्या आवाजाचा तिसरा हार्मोनिकही (तिप्पट वारंवारतेचा सूर) तिथेच येतो. म्हणून 300 चं शिखर धरू नका, सगळ्यात खालचं धरा.

साक्षीदाराचा आकडाही जास्तच निघाला, तर गोष्ट खरी. जुन्या मेकॅनिकल पंपावर हाय आयडलच्या (बिनभाराच्या कमाल वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या) स्क्रूचं तारेचं सील शाबूत आहे का बघा. "रेस वाढवली की ताकद वाढते" या गैरसमजातून ते सर्रास तोडलेलं असतं. "उतारावरून उतरताना कोड आला" ही सबबही तपासून घ्यावी. ट्रकमध्ये चाकं इंजिनाला ढकलतात हे खरं. पण पोकलेनच्या ट्रॅव्हल मोटरचं (चेन फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरचं) तेल टाकीकडे परततं, पंपाला उलटं फिरवत नाही, आणि उतारावर वेग आवरायला मोटरचं तेल अडवून धरणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे हे कारण पटण्यासारखं नाही.

खऱ्या ओव्हरस्पीडचं नुकसान वेगाच्या वर्गाने वाढतं. 2,000 चे 3,000 झाले की कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा जडत्वाचा ताण सव्वादोन पट होतो आणि स्प्रिंग इंजिनाच्या व्हॉल्व्हला वेळेत मिटवू शकत नाही, मग पिस्टन त्यावर आदळतो. म्हणून अशा मशीनचं टॅपेट कव्हर उघडून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) वाकलेत का बघा, ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदात चकाकणारा धातूचा चुरा शोधा. पोकलेनला क्लच नसतो. मेन पंप फ्लायव्हीललाच जोडलेला असल्याने तोही तितकाच पळालेला असतो, त्याच्या केस ड्रेनचं (पंपाच्या आत झिरपून परत जाणारं) तेलही तपासून घ्या. यातलं काहीच उघडू देत नसेल, तर इंजिन आणि पंप दोन्ही ओव्हरहॉलला आलेत असं धरूनच भाव सांगा.