चुंबकावरणातील मंद प्लाझ्मा लहरी : उपग्रहांचे वेध आणि अलिबाग

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालील अवकाश म्हणजे चुंबकावरण. तिथल्या विरळ, विद्युतभारित प्लाझ्मातून अतिशय मंद लहरी जातात. त्यांच्या एका आंदोलनाला सेकंदाच्या अंशापासून दहा मिनिटांपर्यंत वेळ लागतो. अशा लहरींचे भाकीत हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये केले. सूर्याकडून सतत येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा, म्हणजे सौरवाऱ्याचा, दाब बदलला की चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या क्षेत्ररेषा तंबोऱ्याच्या तारांसारख्या थरथरतात. रेषा जितकी लांब आणि प्लाझ्मा जितका दाट, तितका आवर्तकाल मोठा.

उपग्रहांवरील चुंबकमापक या लहरी जागेवरच टिपतात. मात्र उपग्रह स्वतः धावत असतो. नोंदीतला चढउतार वेळेनुसार झाला की जागा बदलल्याने दिसला, हे एकट्या उपग्रहाला ठरवता येत नाही. म्हणूनच २००० मध्ये क्लस्टरचे चार, २००७ मध्ये थेमिसचे पाच आणि २०१२ मध्ये व्हॅन ॲलन प्रोब्ज हे दोन उपग्रह पाठवले गेले. पृथ्वीभोवती वेगवान कण अडकून राहिलेल्या प्रारणपट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांना या लहरी वेग देतात, तर काही लहरी त्यांना वातावरणात लोटतात. उपग्रहांच्या सुरक्षिततेसाठी हे कळणे फार मोलाचे आहे.

इतके उपग्रह असूनही जमिनीवरचा स्थिर बिंदू लागतोच. कोकण किनाऱ्यावर तो अलिबागला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी तिथली चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये इथे आणली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. ही दूरदृष्टी थोरच. कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यामुळे इमारतीसाठी पोरबंदरी दगड वापरला. लोखंड कटाक्षाने टाळले. आज वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

इथले चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला (क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक), आणि रात्री उमटणारे ‘पीआय-२’ स्पंदन जेमतेम एखाद्या नॅनोटेस्लाचे. त्याचा आवर्तकाल ४० ते १५० सेकंद. काही हेलकाव्यांतच ते विरते. त्याचे मूळ रात्रीच्या बाजूच्या चुंबकीय उपवादळात, म्हणजे चुंबकावरणात साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होण्यात, हजारो किलोमीटर दूर असते. अलिबागवरून जाणारी क्षेत्ररेषा काहीशे किलोमीटरपलीकडे चढत नाही. म्हणजे ते स्पंदन त्या रेषेवरून थेट उतरलेले नसते. प्लाझ्मास्फिअरमधल्या, म्हणजे चुंबकावरणाच्या आतल्या दाट प्लाझ्माच्या भागातल्या, उपग्रहांनी अशा वेळी क्षेत्राचे दाबले जाणे व सैल होणे जवळपास त्याच तालात टिपले आहे. रेषा ओलांडत येणाऱ्या दाबलहरीच कमी अक्षांशांपर्यंत पोचतात, याचा हा भक्कम पुरावा आहे.