वाल्मेट ४१२

वाल्मेट ४१२ : फिनलंडमधील वाल्मेट या कंपनीची एकावर एक नळ्यांची शिकारी बंदूक. तिच्या मिश्र प्रकारात वरची नळी गुळगुळीत व छऱ्यांची (१२ बोअर), तर खालची पेचदार खाचांची, म्हणजे रायफलची असते. मराठीत ‘दुनळी’ म्हटले की शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक डोळ्यांपुढे येते. ही ती नव्हे. फिनिश भाषेत मिश्र प्रकाराला ‘रिहलाहाउलिक्को’ म्हणतात.

हिचे मूळ बहुधा अमेरिकेतील रेमिंग्टन ३२ या बंदुकीत (सु. १९३२) शोधले जाते. याला नक्कल म्हणावे की रूपांतर, याविषयी एकवाक्यता नाही. नळ्यांच्या मागील टोकावर सरकत येऊन बसणारी कुलपाची टोपी आणि मधल्या पट्टीने न सांधलेल्या सुट्या नळ्या, ही दोन्ही वैशिष्ट्ये रेमिंग्टनमध्ये आढळतात. त्यामुळे वंश तोच, हे मान्य करणे सयुक्तिक वाटते. मात्र एकाच चौकटीवर (नळ्या ज्यात बसतात त्या मागील भागावर) छऱ्यांची जोडनळी, मिश्र नळी किंवा दुहेरी रायफल आलटून पालटून बसविण्याची सोय हा फिनिश विस्तार होय. जर्मनीतील क्रीगहॉफ के-३२ ही त्याच वंशातील दुसरी शाखा. वाल्मेटच्या आधीच्या बंदुका १९७० च्या दशकात अमेरिकेत सॅव्हेज ३३० व ३३३ या नावांनी विकल्या गेल्या. वाल्मेट व साको या फिनिश कंपन्यांचा शस्त्रव्यवसाय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्यावर हीच बंदूक टिक्का ५१२ झाली व पुढे तिची निर्मिती इटलीत गेली.

सांधलेल्या नळ्यांपैकी एक तापून लांबली की दुसरीला ओढते व नेम सरकतो. येथे नळ्या सुट्या असल्याने हा दोष कमी होतो. दोन्ही नळ्यांचा मारा एकाच जागी आणण्यासाठी तोंडाशी असलेली जोडणी स्क्रूने हलविता येते. चाप एकच, कोणती नळी उडवायची ते चापावरील बटणाने ठरते.

उपयोग मुख्यतः जंगलातील पक्ष्यांसाठी. फिनिश स्पिट्झ जातीचा कुत्रा मेत्सो (कॅपरकेली) हा मोठा रानपक्षी झाडावर बसवून भुंकत राहतो, दूरच्या शेंड्यावर .२२२ रेमिंग्टन या काडतुसाची गोळी, पायाशी फडफडून उठलेल्यावर छर्रे. मूस या मोठ्या हरणासाठी मात्र ही गोळी चालत नाही : फिनिश नियमांनुसार गोळी ९ ग्रॅमची असल्यास १०० मी. वर किमान २,७०० जूल, १० ग्रॅमची असल्यास २,००० जूल ऊर्जा लागते. त्यासाठी .३०८ विंचेस्टर किंवा ९.३×७४ आर यांसारख्या काडतुसांची नळी घेतात.

फिनलंडच्या १९९८ च्या शस्त्र कायद्यात मिश्र बंदूक हा स्वतंत्र प्रकार असून तिला पोलिसांचा परवाना लागतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९६ पासून बंदी आहे. पोलादी छर्रे जुन्या, तोंडाशी अरुंद केलेल्या नळीतून उडविणे धोक्याचे असल्याने सेकंडहँड बंदूक घेणारा आधी नळी तपासून घेतो. जादा नळी दुसऱ्या चौकटीवर नेमकी बसेलच असे नसते. ती कारागिराकडून घासून बसवावी लागते.