रेकी वेगळी, पाळत वेगळी

‘बंद बंगल्यांची रेकी करून घरफोडी करणारी टोळी जेरबंद.’ ही बातमी महिन्यातून एकदा तरी वाचायला मिळते. ‘संशयितावर आठ दिवस पाळत ठेवली’ हेही आपण वाचतो. चोर रेकी करतात आणि पोलीस पाळत ठेवतात, हा फरक आपल्या कानाला बरोबर कळतो. लष्कराचा विषय निघाला की मात्र सगळ्याला एकच शब्द: टेहळणी. टेहळणी विमान, टेहळणी उपग्रह, टेहळणी पथक. घोळ जुनाच आहे म्हणा. गडावरचा टेहळणी बुरूज घ्या. तिथला पहारेकरी रात्रंदिवस एकाच वाटेकडे बघत बसायचा, म्हणजे खरं तर पाळतच ठेवायचा. शत्रूच्या गोटात जाऊन खबर काढून परतणारा हेर करायचा ती रेकी.

रेकीला निघणाऱ्याच्या डोक्यात ठरावीक प्रश्न असतात. पूल रणगाड्याचं वजन पेलेल का? टेकडीमागे तोफा किती? उत्तर मिळालं की तो परततो. पाळत ठेवणाऱ्याला काय दिसणार ते आधी माहीत नसतं. रोजचं चित्र त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात एक गोष्ट हलली तरी खटकते. म्हणून पाळतीचं काम कंटाळवाणं, आणि तो कंटाळा सोसणं हाच त्यातला अर्धा भाग.

मुंबईने दोन्ही पाहिलंय. 26/11 च्या आधी, 2006 ते 2008 या काळात लष्कर-ए-तैयबाचा हस्तक डेव्हिड हेडली अनेकदा इथे येऊन राहिला. ताजमध्ये चित्रीकरण केलं, बोटीतून फेऱ्या मारून किनाऱ्यावर उतरायच्या जागा जीपीएसवर टिपल्या. ही सरळसरळ रेकी. हल्ल्यानंतर किनाऱ्यांवर आणि बेटांवर रडारची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात 46 ठिकाणी. ही झाली पाळत. तिची अडचणही पाळतीचीच: पडद्यावर शेकडो ठिपके, त्यात मच्छीमारांच्या छोट्या होड्या, आणि त्यातली नको ती होडी ओळखायची.

सगळ्यात मोठा गैरसमज उपग्रहाबद्दल आहे. सिनेमात अधिकारी बटण दाबतो आणि गल्लीतला माणूस पडद्यावर चालताना दिसतो. प्रत्यक्षात बारीक तपशील टिपणारा उपग्रह काहीशे किलोमीटरवरून, सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जात असतो. एक जागा त्याच्या नजरेत काही मिनिटंच राहते. एका जागेवर स्थिर भासणारे उपग्रह 36,000 किलोमीटरवर असतात, तिथून माणूस काय, ट्रकही दिसत नाही. म्हणजे एकटा उपग्रह वरून जाता जाता रेकीच करतो. पाळत हवी तर एकामागून एक जाणारे बरेच उपग्रह लागतात.

ही फट पोखरणला कामी आली. 1995 च्या डिसेंबरमध्ये अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली, दबाव आला आणि बेत बारगळला. 1998 मध्ये तिथे काम करणाऱ्या लष्कराच्या 58 इंजिनीअर रेजिमेंटने धडा गिरवला होता. उपग्रह कधी वरून जातो याचं गणित हाताशी ठेवून मुख्य काम रात्री व्हायचं. पहाट व्हायच्या आत यंत्रं आणि गाड्या आदल्या दिवशीच्या जागी नेऊन लावायच्या, म्हणजे कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला तरी काही हललंय असं वाटू नये. 11 मे रोजी स्फोट झाले तेव्हा वॉशिंग्टनला कळलं ते आपल्या घोषणेवरून. वाळवंटावर सतत घिरट्या घालणारा डोळा असता तर हे जमलं नसतं, असं माझं मत.

यंत्रावरून मात्र फरक ठरवू नये. गोव्याच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरचं पी-8आय विमान तासन्‌तास समुद्रावर गस्त घालतं, आणि एका संशयित जहाजाचा फोटो काढून यायलाही तेच जातं. हेरॉन ड्रोनचंही तसंच.

कारगिलमध्ये 1999 साली पाळतीतच खंड पडला होता. हिवाळ्यात उंचावरच्या चौक्या रिकाम्या व्हायच्या आणि मधूनमधून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या व्हायच्या. आपल्या तेव्हाच्या सर्वांत चांगल्या उपग्रह कॅमेऱ्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे जवळपास 6 मीटर, त्यात बर्फावरचा माणूस कुठून दिसणार? घुसखोर पहिल्यांदा दिसले ते बटालिकच्या बाजूला हरवलेला याक शोधत फिरणाऱ्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला, दुर्बिणीतून. मग खात्री करायला पथकं निघाली. कॅप्टन सौरभ कालिया आणि 5 जवान काकसरच्या बाजूला गेले, ते जिवंत परतले नाहीत. 21 मे रोजी फोटो काढायला गेलेल्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळलं. वैमानिकाने ते दुसऱ्या इंजिनावर श्रीनगरला उतरवलं. तिथल्या बऱ्याच चौक्यांवर आता हिवाळ्यातही जवान असतात.