बेलिसारिअसचे डोळे काढलेच नव्हते हो!

सहाव्या शतकातल्या बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने आपल्याच सेनापतीचे, बेलिसारिअसचे डोळे काढले आणि तो भीक मागत मेला, ही स्टोरी अजून फिरतेय, वर पुरावा म्हणे त्या काळचा इतिहासकार प्रोकोपिअस! अहो, प्रोकोपिअस बेलिसारिअसचा सेक्रेटरी, मोहिमांवर सोबत फिरलेला, नंतर आपल्या ‘गुप्त इतिहास’ या पुस्तकात त्याला बायकोच्या मुठीतला म्हणून यथेच्छ धुतलंय, पण ते लिहिलं ५५० च्या आसपास आणि ज्यावरून डोळे काढले म्हणतात तो सम्राटाविरुद्धच्या कटाचा आळ बेलिसारिअसवर आला ५६२ ला, मग तो पुरावा कसा होणार? ५६३ मध्ये मानसन्मान परतही मिळाले, ५६५ ला वारला. भिकाऱ्याची गोष्ट बाराव्या शतकातला बायझंटाईन लेखक त्सेत्सेस सांगतो आणि स्वतःच म्हणतो की इतर इतिहासकार वेगळं लिहितात. पुढे १७८१ मध्ये फ्रेंच चित्रकार दाविदने चित्र काढलं, आंधळा म्हातारा, शिरस्त्राणात भीक टाकणारी बाई, झालं, पब्लिकला तेच खरं वाटलं.