‘आघाडीवर’ म्हणजे नेमके काय?

मतमोजणीच्या दिवशी सकाळचे आठ वाजतात न वाजतात तोच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कोणी मुसंडी मारतो, तर कोणाची पीछेहाट होते. वास्तविक त्या वेळी कोणीच हललेले नसते. मते यंत्रांत केव्हाच बंद झालेली असतात आणि ती फक्त एका ठरावीक क्रमाने बाहेर येत असतात. घटनेचा कोणता भाग पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, या निवडीला माध्यमांचे अभ्यासक ‘चौकट’ म्हणतात. निवडणुकीच्या बातम्यांची लाडकी चौकट शर्यतीची आहे.

हा क्रम समजून घेण्यासारखा आहे. आधी टपाली मते मोजायला घेतात आणि अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. एका विधानसभा क्षेत्रासाठी साधारणपणे चौदा टेबले मांडलेली असतात, म्हणजे एका फेरीत चौदा मतदान केंद्रांचा हिशेब लागतो. ही केंद्रे अनुक्रमांकाने येतात आणि अनुक्रमांक बहुधा भूगोलाप्रमाणे लागलेले असल्यामुळे पहिल्या फेऱ्यांत मतदारसंघाचा एखादाच कोपरा बोलत असतो. शिताची परीक्षा भाताला लागू पडते ती भात ढवळलेला असेल तरच. इथे तो ढवळलेला नसतो.

पडद्यावरचे जागांचे आकडेही असेच अर्धवट बोलतात. भाजपच्या लोकसभेतील जागा 2019 मधील 303 वरून 2024 मध्ये 240 वर आल्या, मात्र देशभरातील मतांचा वाटा सुमारे 37.4 टक्क्यांवरून 36.6 टक्क्यांवर, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घसरला. पहिला आकडा दिवसभर झळकला. दुसरा शोधावा लागला.

4 जून 2024 रोजी मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघात शर्यतीच्या या चौकटीची चांगलीच पंचाईत झाली. यंत्रांतील मतांत शिवसेनेच्या ठाकरे गटाचे उमेदवार अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर 4,51,094, म्हणजे फरक अवघ्या एका मताचा होता. टपाली मतांत वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501 मते होती. ती मिळवल्यावर वायकर 48 मतांनी विजयी ठरले. त्याआधी, मोजणी चालू असतानाच, काही वाहिन्यांनी कीर्तिकर जिंकल्याचे सांगूनही टाकले होते.